फाशी ते निर्दोष : नाशिकच्या दरोड्याचा निकाल
(शिरगाव, ता. मावळ इथल्या बैठकीतलं भाषण)



वनहक्क दाव्यांचं बोलणं जेवणानंतर आहेच. त्याआधी सुप्रीम कोर्टाचा एक निकाल सांगते. ५ मार्च २०१९ चा. केस दरोड्याची आहे, तरी आपण ऐकण्यासारखी आहे.

नाशिकजवळ ५ जून २००३ च्या रात्री पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जीव गेले, बायकांवर अत्याचार झाले. गुन्हा भयंकरच होता, त्यात वाद नाही. पोलिसांनी सहा जण धरले. भटक्या जमातीचे, मोलमजुरी करणारे. त्यातला एक तर तेव्हा अठराचाही नव्हता. नाशिकच्या सेशन कोर्टाने २००६ ला सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने २००७ ला तिघांची फाशी ठेवली, तिघांना जन्मठेप केली. २००९ ला सुप्रीम कोर्टाने परत सहाही जणांना फाशी! आणि त्याच सुप्रीम कोर्टाने फेरसुनावणी घेऊन २०१९ ला सांगितलं, हे सहाही जण निर्दोष आहेत.

मग एवढी वर्षं दिसलं नाही ते काय होतं? त्या घरातली वाचलेली बाई दरोड्यानंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधले फोटो बघून चार माणसं ओळखते. ती चार वेगळीच. त्यांना ना धरलं, ना त्यांचा तपास केला. पुढे ओळखपरेडमध्ये हे सहा जण उभे केले, आणि त्या ओळखीवर फाशी. कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की ही गरीब भटकी माणसं आहेत, त्यांना खोटं गुंतवलं असण्याची शक्यता आहे. सरकारने प्रत्येकाला पाच लाख द्यावेत आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असाही हुकूम आहे. सोळा वर्षं जेलात गेली, त्याचे पाच लाख. हिशेब तुम्हीच करा. आणि ज्या घरातली पाच माणसं मेली त्यांच्या हातात काय आलं? खरे दरोडेखोर मोकळेच राहिले.

आता आपलं बघा. कायद्यात पाच किंवा जास्त माणसांनी मिळून जबरी चोरी केली की दरोडा होतो, जून २०२४ पर्यंतच्या जुन्या दंड संहितेत ते कलम ३९५ होतं. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. आपण कसलेल्या जमिनीवर एकटं कधी जातो का? गवत कापायला, पीक काढायला सगळी वाडीच जाते. समोरच्याने "आमचा माल जबरीने नेला" अशी फिर्याद दिली की पाच माणसं मोजायला किती वेळ लागतो! म्हणून जाताना दाव्याची पोच, ग्रामसभेचा ठराव यांची झेरॉक्स जवळ ठेवा. वाडीत एक संच वेगळा ठेवा, घर गळतं तिथे नको.

कोणाला धरून नेलं तर कोऱ्या कागदावर सही-अंगठा द्यायचा नाही. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. तिथे मारहाण झाली असेल तर तोंडाने सांगायचं, घाबरून "काही नाही साहेब" म्हणायचं नाही. आरोपपत्राची नक्कल फुकट मिळते. ती घ्या, आणि आपल्या शिकलेल्या पोरांकडून पानन्‌पान वाचून घ्या. कोणी कोणाला कधी ओळखलं, ते त्यातच शोधायचं असतं.

वकिलाचं म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याने आदिवासीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज वडगाव मावळच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. जातीचा दाखला लागेल. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी आत्ताच हात वर करा, नावं लिहून घेते.