दोन बटणे आणि एक कागद

(धर्माबाद येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



२० नोव्हेंबर २०२४ रोजी या गावातील मतदाराने एकाच खोलीत दोन बटणे दाबली. एक नायगाव विधानसभेसाठी, दुसरे वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे आलेल्या नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी. लोकसभेची जागा काँग्रेसच्या रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी जिंकली आणि त्याच लोकसभा मतदारसंघातील विधानसभेच्या सहाही जागा महायुतीच्या पदरात पडल्या. दिवस एक, यादी एक, केंद्र एक, बोटावरची शाई एक. तेव्हापासून हा निकाल दोन्ही बाजूंनी पुराव्यासारखा फडकवला जातो. एक बाजू विचारते, यंत्रात खोट असती तर लोकसभा आम्ही कशी हरलो? दुसरी विचारते, सहा ठिकाणी एक कौल आणि सहांच्या बेरजेत दुसरा, हे घडले कसे?

दोन्ही प्रश्न चतुर आहेत आणि दोन्ही निरुपयोगी आहेत. मराठवाड्यातला मतदार विधानसभेत भावकी, बाजार समिती आणि पाणी पाहतो आणि लोकसभेत दिल्ली पाहतो. शिवाय दिवंगत खासदाराच्या मुलाविषयी सहानुभूती असतेच. तेव्हा दोन बटणांचे दोन कौल अशक्य नाहीत. परंतु 'अशक्य नाही' म्हणजे 'सिद्ध झाले' असेही नव्हे. विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात; राज्यभर अशा १,४४० यंत्रांची पडताळणी झाली व कोठेही तफावत आढळली नाही, असे आयोगाने सांगितले. सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजीच नाकारली होती. म्हणून वाद चहाच्या टपरीवर चालू राहिला.

माझ्या मते यंत्रापेक्षा यादीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. लोकसभेच्या वेळी राज्यात सुमारे ९.२९ कोटी मतदार होते, विधानसभेच्या वेळी सुमारे ९.७० कोटी. पाच महिन्यांत ३९ लाख नावे वाढली कशी, असा प्रश्न राहुल गांधी यांनी ७ फेब्रुवारी २०२५ रोजी उपस्थित केला. आयोगाचे म्हणणे असे की, याद्यांची दुरुस्ती उघडपणे झाली, प्रती पक्षांना दिल्या आणि अपिले नगण्य आली. पुढे राजुऱ्याचे प्रकरण निघाले. विरोधक म्हणाले, साडेसहा हजारांहून अधिक खोटी नावे घुसवली. निवडणूक यंत्रणा म्हणाली, ते अर्ज संशयास्पद म्हणून आम्हीच फेटाळले आणि गुन्हाही आम्हीच नोंदवला. या भांडणात एक गोष्ट निसटून जाते. हजारो खोटे अर्ज कोणीतरी बसून भरले, हे दोघांनाही मान्य आहे! नाव यादीत चढले की नाही यावर तावातावाने बोलायचे आणि अर्ज भरणारा हात कोणाचा, हे विचारायचे नाही, असा हा वाद चालतो. १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत विरोधकांनी 'सत्याचा मोर्चा' काढला आणि त्याच दिवशी भारतीय जनता पक्षाने मूक आंदोलन केले. दोन्हीकडे गर्दी होती. गर्दीने यादी तपासली जात नाही.

येथे १९७१ ची लोकसभा निवडणूक आठवावी. तिच्यातून दोन तक्रारी निघाल्या. जनसंघाचे बलराज मधोक म्हणाले की, मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केली होती; मतदाराचा शिक्का पुसला जाई आणि गाय-वासरावरचा आपोआप उमटे. देशभर चर्चा झाली, न्यायालयात मतपत्रिका तपासल्या गेल्या आणि आरोप सिद्ध झाला नाही. दुसरी तक्रार संयुक्त समाजवादी पक्षाच्या राजनारायण यांची. रायबरेलीत ते १,११,८१० मतांनी हरले होते. त्यांच्या अर्जातही धोतरे, घोंगड्या आणि दारू वाटल्याचे आरोप होते. न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ते फेटाळले. टिकले काय? यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच प्रचाराला लागले आणि सभांची व्यासपीठे व ध्वनिक्षेपकांची वीज सरकारी अधिकाऱ्यांनी पुरवली, एवढेच. राजीनाम्याची तारीख आणि विजेची सोय, इतक्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर १२ जून १९७५ रोजी देशाच्या पंतप्रधानांची निवड रद्द झाली. आपल्या चळवळीत हा खटला अभिमानाने सांगितला जातो; त्यातील कागदपत्रांची चिकाटी मात्र फारशी सांगितली जात नाही.

सत्तेने त्यावर काय उत्तर दिले? ३९ वी घटनादुरुस्ती १० ऑगस्ट १९७५ रोजी अमलात आली आणि पंतप्रधान व लोकसभेच्या सभापतींची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेली. त्याच्या आदल्याच दिवशी राज्यसभेत आणखी एक विधेयक मंजूर झाले होते. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि राज्यपाल यांच्यावर पदावर असताना आणि पद सोडल्यानंतरही फौजदारी कारवाई होऊ नये, अशी त्यात तरतूद होती. ते लोकसभेत कधी मंजूर झाले नाही. ३९ व्या दुरुस्तीतील संबंधित कलम सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर १९७५ रोजी रद्द केले. इंदिरा गांधींची निवड मात्र मागाहून बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे वाचली.

ते विधेयक संमत झाले असते, तर पंतप्रधानाला तालुक्याच्या न्यायालयाची पायरी कधीच चढावी लागली नसती. आज आपल्या घटनेच्या ३६१ व्या कलमाचे संरक्षण फक्त राष्ट्रपती व राज्यपालांना आहे, तेही पदावर असेपर्यंत. धर्माबादकरांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. बाभळीच्या २०१० च्या आंदोलनाच्या प्रकरणात सप्टेंबर २०१८ मध्ये याच गावच्या न्यायालयाने आंध्रचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांच्यावर अजामीनपात्र वॉरंट काढले. तेलुगू देशमला त्यात भाजपचा हात दिसला, कारण त्याच वर्षी आघाडी मोडली होती. २०२४ मध्ये आघाडी पुन्हा जुळली. खरेखोटे न्यायालय ठरवील. परंतु तालुक्याचे न्यायालय मुख्यमंत्र्याला 'हजर व्हा' म्हणू शकते, ही गोष्ट मला मिरचीच्या बाजारभावाइतकीच या गावच्या लौकिकाची वाटते.

आता दिल्लीकडे पाहा. २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयुक्तांच्या निवड समितीत सरन्यायाधीशांना स्थान दिले. त्याच वर्षी संसदेने कायदा करून तेथे पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री बसवला. म्हणजे तिघांत दोघे सरकारचे. त्याच कायद्याचे १६ वे कलम आजी-माजी आयुक्तांना पदाच्या कामाबद्दल दिवाणी व फौजदारी कारवाईपासून मुक्त करते. 'आजी' समजू शकते. 'माजी' हा शब्द मात्र १९७५ च्या त्या विधेयकाची आठवण देतो. अमेरिकेत १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी माजी अध्यक्षांना अधिकृत कृत्यांबद्दल असेच मोठे संरक्षण दिले. खटला होता डोनाल्ड ट्रम्प यांचा. २०२० ची निवडणूक चोरीला गेली, असे त्यांनी म्हटले होते. त्या आरोपांवर साठांहून अधिक दावे झाले. निकाल फिरवणारा पुरावा एकाही न्यायालयात उभा राहिला नाही. तरीही ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदेत घुसला. मतचोरीची हाक सत्ताधीशही देऊ शकतो, आणि पुराव्यावाचून दिली की तिचा पहिला उपयोग त्यालाच होतो.

आपल्याकडे पुरावा मिळण्याची वाटही अरुंद होत चालली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ९३ व्या नियमात बदल करून मतदान केंद्रावरील चित्रीकरण जनतेला पाहता येणार नाही, असे ठरले. मे २०२५ मध्ये ते निकालानंतर ४५ दिवसच ठेवण्याचे फर्मान निघाले. निवडणूक अर्जाची मुदतही ४५ दिवसच! न्यायालयात जावे की नाही, हे ज्या चित्रणावरून ठरवायचे, तेच आधी पाहायला मिळत नाही.

एक कागद मात्र अजून आपल्या हाती येतो. मतदान संपताच केंद्राध्यक्ष सतरा-सी नमुन्यात एकूण मते लिहून देतो. प्रत्येक पक्षाच्या मतदान प्रतिनिधीला सहीची प्रत देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्या दिवशी सायंकाळी पाच वाजता राज्यातील मतदान ५८.२२ टक्के होते, अंतिम आकडा ६६.०५ निघाला. या वाढीवर रान उठले. ती खरी की खोटी, हे याच कागदांच्या बेरजेने कळते. धर्माबाद तालुक्यातील किती केंद्रांच्या प्रती आज या सभेत बसलेल्यांच्या घरी आहेत? ज्यांच्याकडे असतील त्यांनी सभा संपल्यावर त्या येथे आणून द्याव्यात. ज्या केंद्रांवर आपला प्रतिनिधी चार वाजताच उठून गेला, त्यांची नावेही द्यावीत.