रुपेरी पडद्यावरील मंत्रचळ

कुलूप लावून निघालेला माणूस जिन्यावरून परततो, कुलूप ओढून पाहतो आणि पुन्हा चालू लागतो. एवढे सर्वांच्याच हातून घडते. परंतु जो दहादा परततो, ज्याला कुलूप लागलेले डोळ्यांनी दिसूनही मनाला पटत नाही, त्याची कथा निराळी. या अवस्थेला मराठीत मंत्रचळ असा शब्द आहे. वैद्यक तिला ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर म्हणते. नकोसा विचार मनात शिरतो, जीव कासावीस होतो, आणि ती धास्ती शमविण्यासाठी एखादी कृती पुनःपुन्हा करावी लागते. कृतीने क्षणभर सुटका होते. परंतु त्या सुटकेनेच विचाराची पकड अधिक घट्ट होते. आपले करणे व्यर्थ आहे, हे बहुधा रोग्याला कळत असते. त्याचे खरे दुःख तेच होय.

चित्रपटाला ही व्याधी सोयीची वाटते, कारण तिचे एक अंग डोळ्यांना दिसते. १९९७ सालच्या 'ॲज गुड ॲज इट गेट्स'मधील लेखक मेल्विन हात धुताना नवी साबणवडी काढून लगेच टाकून देतो, फरसबंदीच्या रेघा चुकवीत चालतो, उपाहारगृहात स्वतःचे काटे-चमचे नेतो. जॅक निकल्सन यांना या भूमिकेसाठी ऑस्कर पारितोषिक लाभले. परंतु मेल्विनचा तुसडेपणा आणि त्याची व्याधी चित्रपटात अशी मिसळली आहेत की, एक म्हणजेच दुसरी, असा समज व्हावा. तो नावडती औषधे घेऊ लागतो खरा. तथापि प्रेक्षक घरी नेतो ती प्रीतीने रोग हरल्याची गोष्ट.

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा 'दि एव्हिएटर' (२००४) अधिक निर्भय आहे. विमानांचा धाडसी निर्माता हॉवर्ड ह्यूज प्रसाधनगृहात रक्त येईतो हात धुतो आणि मग दाराच्या मुठीला स्पर्श करवत नाही म्हणून कोणी आत येण्याची वाट पाहत उभा राहतो. आकाश जिंकणारा पुरुष एका दारापुढे हतबल झालेला पाहून हसू येत नाही. २०१३ सालच्या 'नॉर्थ २४ काथम' या मल्याळी चित्रपटात फहाद फाझील यांनी रंगविलेला हरिकृष्णन हरताळाच्या दिवशी एका वृद्धाला घरी पोहोचविण्यासाठी अनोळखी माणसांत, धुळीत उतरतो. प्रवास त्याला मोकळा करतो, हे सुखद आहे. प्रत्यक्षात मात्र वाट इतकी जवळची नसते.

१९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी मांडलेला उपाय कष्टाचा आहे: ज्याची भीती त्याच्यासमोर रोग्याने थांबावे, आणि धुण्याची वा तपासण्याची कृती करू नये. धास्ती हळूहळू आपोआप ओसरते. औषधांचीही जोड मिळते. पण या संथ कामात नाट्य नाही. म्हणून ते पडद्यावर क्वचितच येते.

त्याहूनही अदृश्य राहतात ते निराळेच रोगी. आपल्या हातून तान्ह्या बाळाला इजा होईल या विचाराने थरकापणारी माता त्याला जिवापाड जपते. तिच्या हाती साबण नसतो आणि कॅमेऱ्याला टिपण्यासारखे काही नसते. घराघरांतून तर अतिरेकी सोवळे सद्गुण म्हणूनच खपते. अंधाऱ्या चित्रगृहात मेल्विनच्या उड्यांवर हशा पिकतो, तेव्हा एखाद्या खुर्चीत असे कोणी बसलेले असते. लोक कशाला हसतात, हे त्याला कळते. आणि आपले गुपित तो आणखी खोल दडवून घरी परततो.