लेग व्हाइससाठी फिरता स्टँड

मृगाच्या आधी उमरेडच्या परिसरात लोहाराच्या भात्याला उसंत नसते. वखराची पास, नांगराचा फाळ, डवऱ्याची दुरुस्ती, सगळी कामं एकदमच येतात. काही कामांसाठी लोहारालाच गावोगाव जावं लागतं, पण जमिनीत रोवलेला लेग व्हाइस, म्हणजे लांब पायाचा शिकंजा, सोबत नेता येत नाही. त्यासाठी फिरता स्टँड बनवता येतो.

या व्हाइसचा लांब पाय शोभेचा नाही. जबड्यावर बसलेला घाव तो थेट जमिनीत उतरवतो. म्हणून स्टँड करताना हा पाय अधांतरी राहता कामा नये. माझ्या मते इथेच बहुतेक स्टँड फसतात. तळाला १२ मिलिमीटर जाडीची, दोन फूट लांब-रुंद लोखंडी प्लेट घ्या. तिचं वजन सुमारे ३५ किलो भरतं. तिच्यावर जाड पाइपाचा छोटा तुकडा वेल्ड करा आणि व्हाइसचा पाय त्यात नीट टेकवा. शेजारी मजबूत चौकोनी पाइप उभा करून व्हाइसची पट्टी त्याला नट-बोल्टने घट्ट आवळा. जबडा कारागिराच्या कोपराच्या उंचीवर यावा.

काम करताना लोहार प्लेटवरच उभा राहतो, म्हणजे त्याचं वजनही स्टँडला मिळतं. एका कडेला दोन चाकं अशी लावा, की स्टँड तिरपा केल्यावरच ती जमिनीला टेकतील.

वेल्डिंग करताना मात्र डोळ्यांवर काळी काच हवीच, आणि मुलांना तिथून दूर ठेवा.