पिक्चर पाहिला, आता आपली साक्ष लिहू

(इंदापूर तालुक्यातल्या पारधी वस्तीवर डोंगरगावच्या साथींसोबत झालेल्या बैठकीत, माहितीपट दाखवल्यानंतर केलेलं भाषण)



जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातनं एवढ्या लांब आमच्या माळावर आलात, त्याबद्दल पहिला जोहार तुम्हाला. महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि आम्ही पारधी आज एका पडद्यासमोर बसलो, हेच मोठं काम झालं.

आत्ता पाहिलेला माहितीपट शाश्वती तालुकदार या बाईंनी 2001 साली काढला. 27 मिनिटांचा आहे. पिक्चरचं नाव इंग्रजीत, म्हणून कुणाला काही सुटलं असंल तर थोडक्यात सांगतो.

महाश्वेता देवींचा जन्म 14 जानेवारी 1926 चा, ढाक्याचा. 2016 साली त्या वारल्या. त्यांचं पहिलं पुस्तक झाशीच्या राणीवर, 1956 सालचं. ते लिहायला त्या नुसत्या ग्रंथालयात बसल्या नाहीत. बुंदेलखंडात गावोगाव हिंडल्या, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची गाणी, आठवणी गोळा केल्या. सरकारी दप्तरात जे नव्हतं ते लोकांकडं होतं. पुढं बिरसा मुंडांवर त्यांनी कादंबरी लिहिली, 'अरण्येर अधिकार'. म्हणजे जंगलाचा हक्क. तिला 1979 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मग 1996 चं ज्ञानपीठ, 1997 चं मॅगसेसे. आपण मोर्च्यात जो शब्द ओरडतो, 'जंगलाचा हक्क', तो या बाईंनी फार आधीच पुस्तकाच्या पाठीवर छापला.

आता पिक्चरचं नाव बघा. 'विटनेस, अ‍ॅडव्होकेट, रायटर'. साक्षीदार, बाजू मांडणारी आणि लेखिका. साक्षीदार पहिला, लेखिका शेवटी. आम्हाला वाटतं यातच सगळं आलं. आधी डोळ्यानं बघायचं, मग त्याच्या बाजूनं उभं राहायचं, आणि मग लिहायचं.

काही जण विचारतील, बंगालची लेखिका, तिचा आमच्या बारामती-इंदापूरशी काय संबंध? संबंध आहे. जवळचा आहे.

1998 साल आठवा. फेब्रुवारीत बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर नावाचा आदिवासी पोलिसांच्या ताब्यात मेला. पोलिस म्हणाले आत्महत्या. महाश्वेता देवी तिथल्या खेडिया शबरांच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. समिती कलकत्ता हायकोर्टात गेली. शबरांनी एक शहाणपण केलं होतं. प्रेत जाळलं नाही, पुरून राखलं. त्यामुळं पुन्हा तपासणी करता आली. कोर्टानं सीबीआय चौकशी लावली आणि बुधनच्या बायकोला भरपाई द्यायला सांगितली. लक्षात ठेवा साथींनो, अडाणी म्हणून ज्यांना हिणवतात त्या लोकांनी पुरावा जपला, म्हणून केस उभी राहिली.

त्याच साली महाश्वेता देवी, बडोद्याचे गणेश देवी आणि आपले 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कासाठी एक गट काढला. आणि जूनमध्ये इथं, बारामतीत, पारधी समाजाचा पिन्या हरी काळे पोलिसांच्या ताब्यात मेला. या गटानं ते प्रकरण उचललं. बुधन आणि पिन्या, एक बंगालचा, एक आपला, ही दोन नावं एका दमात घेतली जाऊ लागली. नाहीतर पारध्याचं मरण पेपरात दोन ओळींत संपतं. कधी कधी तेवढंही येत नाही.

असं का होतं, त्याचं मूळ 1871 च्या कायद्यात आहे. इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आईच्या पोटातनं आलेलं लेकरूच गुन्हेगार. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला. कागदावरनं गेला, पण माणसांच्या डोक्यातनं गेला नाही. कुठं चोरी झाली की पहिली गाडी पालावर येते. आणि पारध्याच्या शब्दाला कुणी किंमत देत नाही. त्यानं सांगितलं की ते खोटंच, असं धरून चालतात.

डोंगरगावच्या साथींना वाटंल, इथं जंगल कुठं आहे? नीरेच्या कालव्याला ऊस, उजनीच्या काठाला ऊस. पण मधल्या माळावर बघा. गवत, बाभळ, हिवर. यातला बराच माळ वनखात्याच्या नकाशावर वन आहे. सुप्याला 1997 साली चिंकारा हरणासाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं, पाच चौरस किलोमीटरच्या थोडं वर. हरणं जगावीत, आमचं काही म्हणणं नाही. पण ज्या माळावर आमच्या आज्या-पणज्यांनी फासे लावून तितर-लाव्हे धरले, तिथं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आमचा धंदा गुन्हा झाला, आणि बदल्यात जमिनीचा एक गुंठा कुणी दिला नाही. तुम्हाला झाडीतनं उठवतात, आम्हाला गवतातनं. उठवणारा कागद एकच आहे.

म्हणून आता मुद्द्याचं बोलतो. वनहक्क कायदा 31 डिसेंबर 2007 पासून लागू झाला. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहेत, म्हणजे तुम्हाला जी अट तीच आम्हाला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमिनीवर कब्जा असला पाहिजे आणि पोट त्यावर चाललं पाहिजे. प्रत्यक्ष वहिवाटीची, जास्तीत जास्त 4 हेक्टर जमीन मिळते, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. एक सावधगिरी ठेवा. हा कायदा वनजमिनीला लागतो. ज्यांची पालं गायरानावर आहेत त्यांचा रस्ता वेगळा आहे, त्यासाठी 1991 चा सरकारी निर्णय आहे. म्हणून आधी आपला गट नंबर कुणाच्या नावावर आहे ते तलाठ्याकडनं काढा.

पुरावा काय द्यायचा? सगळे म्हणतात, आमच्याकडं कागद नाही. रेशनकार्ड नाही, मतदार यादीत नाव नाही. पण नियम 13 मध्ये लिहिलंय की दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेलं, लेखी घेतलेलं, पुरावा म्हणून चालतं. जुनी विहीर, घराची जोती, मसणवटा, देवाचं ठाणं हेही चालतं. यातले एकापेक्षा जास्त पुरावे द्यायचे. साथींनो, 1871 पासून ज्या म्हाताऱ्या पारध्याचा शब्द कुणी धरला नाही, त्याचाच शब्द आज कायदा पुरावा मानतोय. पण अट एकच आहे. लिहिलेला पाहिजे.

लिहिणार कोण? महाश्वेता देवी सगळीकडं पोचू शकत नव्हत्या. त्यांनाही ते माहीत होतं. म्हणून 1980 पासून त्यांनी 'बोर्तिका' नावाचं एक त्रैमासिक हातात घेतलं आणि त्यात शेतमजूर, आदिवासी, रिक्षा ओढणारे यांना स्वतःचं लिहायला लावलं. ज्ञानपीठवाल्या लेखिकेनं आपली जागा बाजूला सारून त्यांना पानं दिली. आमच्या मते हे त्यांच्या सगळ्या पुस्तकांएवढंच मोठं काम आहे. आपलं हे बुलेटिनही शाई लावून, एकेक पान फिरवून निघतं. अक्षर पुसट येतं, पण आपलं असतं.

तर दर वस्तीतल्या शिकलेल्या पोरा-पोरींनी एवढं करायचं.

एक, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या दोन माणसांकडं जायचं, त्यातली एक बाई पाहिजेच. बायांना गडीमाणसांपेक्षा जास्त आठवतं. कुठल्या दुष्काळात कुठं पाणी होतं, कुणाची बाळंतपणं कुठल्या झाडाखाली झाली.

दोन, साल माहीत नसंल तर आपल्या मनानं टाकायचं नाही. "72 च्या दुष्काळाच्या आधी", "उजनीचं पाणी चढलं त्या साली" असं सांगितलं तर तसंच लिहायचं.

तीन, जागेची खूण लिहायची. ओढा, टेकडी, बाभळ, थडगं.

चार, लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं. हो म्हणले की अंगठा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.

काही जण म्हणतात, ग्रामसभा आमची नाही, तिथं बागाईतदार बसतात, पारध्याचं कोण ऐकणार? हे खरं आहे. आम्हाला त्याचा रोजचा अनुभव आहे. पण वनहक्क समितीत 10 ते 15 माणसं असतात, त्यात कमीत कमी दोन तृतीयांश अनुसूचित जमातीची आणि एक तृतीयांश बाया पाहिजेत. ती जागा सोडायची नाही. ग्रामसभेनं दावा फेटाळला तर ठरावाच्या तारखेपासून 60 दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडं अपील करता येतं. म्हणून ठरावाची नक्कल मागून घ्यायची, आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

पिन्या काळेच्या वेळी बाहेरची माणसं साक्षीला आली, त्यांचे उपकार आहेत. पण दर वेळी मेल्यावरच साक्ष कशाला? जिवंत आहोत तोवर, जमीन पायाखाली आहे तोवर, साक्ष आपणच लिहू. पुढच्या अंकासाठी दर गावानं एका म्हाताऱ्याची किंवा म्हातारीची जबानी आणायची. मूळ कागद दाव्याला जोडा, नक्कल बुलेटिनला द्या. आम्ही बारामती-इंदापूरच्या वस्त्यांवरनं सुरुवात केली आहे. डोंगरातनं किती येतात ते बघू.

जल, जंगल, जमीन आमची! जोहार!