नाभीपर्यंतची बधिरता



वार्धक्यात पुरुषाची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, मूत्रमार्ग आवळला जातो आणि रात्रीची निद्रा उडते. औषधांनी न भागल्यास मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून वाढलेला भाग खरवडून काढतात. त्यासाठी रुग्णाला बहुधा निद्रिस्त न करता पाठीत सुई टोचून अधोभाग तेवढा बधिर करतात. या सुईची घरोघरी धास्ती असते. ती बव्हंशी अनाठायी होय. प्रौढ मनुष्याचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्याही खाली टोचतात. १८९८ साली जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर या शल्यविशारदाने ही रीत प्रथम शस्त्रक्रियेसाठी योजली. तेव्हा औषध कोकेन होते.

खरा प्रश्न सुईचा नव्हे, बधिरता किती उंच न्यावी याचा. ग्रंथीची वेदना माकडहाडाच्या वरील त्रिकास्थीतून निघणाऱ्या मज्जातंतूंवाटे जाते. तेवढीच बधिर केली तर पुरेल असे वाटेल. परंतु शस्त्रक्रिया चालू असता मूत्राशय द्रवाने फुगतो आणि त्या ताणाची जाणीव छातीच्या शेवटच्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. म्हणून सामान्यतः बधिरता नाभीच्या पातळीपर्यंत, म्हणजे छातीच्या दहाव्या मज्जातंतूपर्यंत, नेतात.

मग आणखी वर नेली तर बिघडले कोठे? पुष्कळच बिघडते. बधिरता वर सरकते तसतशा रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो; छातीच्या वरच्या भागात पोहोचल्यास हृदयाची गती वाढविणारे तंतूही निकामी होऊन नाडी मंदावते. सत्तरीतील दुर्बल हृदयाला हे झेपेलच असे नाही. शिवाय मूत्राशयाला चुकून छिद्र पडल्यास पोटात उठणारी कळ उंच बधिरतेत दबून जाते. ज्याचे हृदय फारच अशक्त, त्याच्यासाठी औषधाची मात्रा कमी करून व मूत्राशय फुगू न देता बधिरता खालीच राखण्याचाही मार्ग असतो.

ही पातळी साधणे हे कसब आहे. औषधात साखरेचा अंश मिसळून ते मज्जाद्रवाहून जड करतात, म्हणजे मेज कलेल तसे ते उतरते. मग थंड बोळा अंगावरून फिरवून ‘गार लागते का?’ असे विचारतात. येथे धीटपणा दाखविण्यासाठी ‘नाही’ म्हणणारे वृद्ध स्वतःचेच नुकसान करतात.

जागे राहण्याचा आणखी एक लाभ आहे. धुण्याचा द्रव, विशेषतः ग्लायसीनयुक्त, उघड्या शिरांतून रक्तात शिरल्यास सोडियम घटते. रुग्ण अस्वस्थ होतो, मळमळते, दृष्टी अंधुक होते. जागा माणूस हे लगेच सांगू शकतो. नव्या उपकरणांत क्षारजल वापरता येत असल्याने सोडियमची ही भीती पुष्कळ ओसरली आहे. तथापि अतिरिक्त पाण्याचा भार हृदयावर पडतोच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास किंवा हृदयाची झडप अरुंद असल्यास ते आधीच सांगितले पाहिजे. कधीकधी त्यावरूनच पाठीतील भूल रद्द करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर पायांत बळ परतण्यास काही तास लागतात. तोवर घरच्या मंडळींनी रुग्णाला उभे करण्याची घाई करू नये.