पाणी हिरवे, पण चाऱ्याचा कस काय?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेततळ्यात मत्स्यजिरे सोडण्याआधी पाणी हिरवे करून घ्यायचे, हे आता आपल्याला पाठ झाले आहे. हिरवे झाले की चारा तयार, असे आपण धरून चालतो. पण कटल्याचे पिल्लू जगते ते मुख्यतः पाण्यातल्या बारीक जनावरांवर. डॅफ्निया, म्हणजे पाण्यातली पिसू, ही त्यातलीच एक. ही जनावरे शेवाळ खातात. तेव्हा शेवाळ किती, एवढेच पाहून भागत नाही. नुसत्या काडावर गाईचे पोट भरते, पण ती दूध देत नाही. तळ्यातही तेच.

डॅफ्नियाच्या कोरड्या वजनात स्फुरद सव्वा ते दीड टक्का असते. शेवाळात स्फुरदाच्या एका अणूमागे कार्बनचे सुमारे ३०० हून जास्त अणू झाले, की तिची वाढ खुंटू लागते. १९९६ साली उराबे आणि स्टर्नर या शास्त्रज्ञांनी स्फुरद कमी ठेवून उजेड वाढवण्याचा प्रयोग केला. शेवाळ वाढत गेले, आणि एका मर्यादेपुढे डॅफ्नियाची वाढ मात्र घटली! आम्ही कृषी महाविद्यालयात लीबिगचा नियम पिकापुरता शिकलो. तो पिसवेलाही लागू आहे, हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

आपल्याकडे ऊन फुकट आहे. त्यात प्लास्टिक अंथरलेले तळे, म्हणजे मातीतून स्फुरद मिळण्याची सोय नाही. अशा पाण्यात नुसता युरिया टाकला तर काय होईल, तुम्हीच सांगा.

पण म्हणून सुपर फॉस्फेटची पोती रिकामी करू नका. स्फुरद साचून नत्र कमी पडले की निळे-हिरवे शेवाळ माजते. त्याचे तंतू आणि गोळे पिसवेला गिळवत नाहीत, काही जाती विषारी असतात, आणि वाढीला लागणारी स्टेरॉल त्यात नसतात. काही स्निग्धाम्लेही त्यात फार कमी. डॅफ्नियाची वाढ चाऱ्यातल्या अशाच एका स्निग्धाम्लाच्या प्रमाणावर ठरते, हे म्युलर-नॅवारा आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवले.

आता कामाचे. तळ्यात चार-पाच ठिकाणचे मिळून ५० लिटर पाणी बारीक जाळीच्या कापडातून गाळा. राहिलेले काचेच्या नळीत घेऊन उन्हाकडे धरा. जनावरे हलताना दिसतील. मग चिमूटभर मीठ टाका. तळाशी दीड-दोन मिलिलिटर गाळ बसला आणि तो तपकिरी असला, तर जिरे सोडा. हिरवाच गाळ बसला, तर गाडी दारात उभी असली तरी थांबा.