ज्योत्स्नाबाईंचा स्वर : संयमाचे सामर्थ्य

(संगीतप्रेमी श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



ज्योत्स्ना भोळे यांचे नाव निघाले की 'कुलवधू'तील भैरवी आठवते आणि बोलणे तेथेच थांबते. त्या एका पदाने बाईंना घराघरांत पोहोचविले हे खरे; पण त्या पदामागची नऊ-दहा वर्षांची वाटचाल त्यामुळे झाकली गेली. आज मला त्या वाटचालीविषयी बोलायचे आहे.

बाईंचा जन्म ११ मे १९१४ रोजी गोव्यातील बांदिवडे येथे झाला. माहेरचे नाव दुर्गा केळेकर. गोमंतकाच्या मातीतून मिळालेला गळा आणि आग्रा घराण्याची तालीम, ही त्यांची शिदोरी. असा गळा लाभलेल्या गायिकेने मैफली गाजवाव्यात हा सरळ मार्ग होता. परंतु १९३२ साली केशवराव भोळे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांच्या गाण्याला निराळी दिशा मिळाली. केशवराव संगीतकार तर होतेच, पण 'शुद्ध सारंग' या नावाने लिहिणारे साक्षेपी समीक्षकही होते. शब्दाचा भाव पोहोचला की स्वराने थांबावे, हा त्यांचा आग्रह.

त्या आग्रहाची कसोटी लगेचच लागली. १ जुलै १९३३ रोजी मुंबईत 'नाट्यमन्वंतर' संस्थेने श्री. वि. वर्तकांचे 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्नाबाई आणि पद्माबाई वर्तक यांच्यासारख्या स्त्रियांनीच केल्या. बाई रंगभूमीवरील पहिल्या स्त्री-कलावंत, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भगिनी त्याआधीच रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. नवे होते ते निराळेच. बालगंधर्वांच्या अलौकिक गाण्यावर वाढलेला तो प्रेक्षक. स्त्रीचे मन पुरुषाच्या कंठातून ऐकण्याची आणि एकेका पदाला अनेक 'वन्समोअर' देण्याची त्याला सवय. त्याच्यापुढे एक तरुणी साध्या घरगुती वेशात बोलता बोलता गाऊ लागते आणि गाणे संपताच पुन्हा बोलू लागते! ताना घेता येत असून त्या न घेणे, याला किती मनोनिग्रह लागत असेल, हे गाणाऱ्यांनाच विचारावे.

'नाट्यमन्वंतर' फार काळ टिकले नाही. तोवर बोलपट आला होता. थिएटरे सिनेमाकडे वळली, नाटक कंपन्या एकेक करून मिटू लागल्या. केशवरावही 'प्रभात'च्या चित्रपटांना संगीत देऊ लागले. संगीत नाटकाचे दिवस सरले, असे जाणते लोक म्हणू लागले.

अशा वेळी, १९४२ साली, मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन'ने 'कुलवधू' आणले. संगीत मास्तर कृष्णरावांचे. बाईंच्या वाट्याला आलेली भानुमती ही चित्रपटात काम करणारी सून. घराबाहेर पडून कला करणारी स्त्री आणि तिचे घर, हा प्रश्न त्या काळच्या मध्यमवर्गाला चांगलाच बोचणारा होता. बाईंनी भानुमती आक्रस्ताळी केली नाही, की केविलवाणीही केली नाही. तिचा स्वाभिमान शांत होता, म्हणूनच प्रेक्षागारातल्या आया आणि सासवा तिच्या बाजूने झाल्या. 'नाचगाणे करणारी बाई' म्हणून जिच्याकडे नाक मुरडायचे, तिला आपल्या घरातली म्हणून स्वीकारण्याचे धाष्टर्य त्या प्रेक्षकाला या गाण्याने दिले, असे मला वाटते. लेखणीचे श्रेय रांगणेकरांना द्यावेच. पण केवळ संवादांनी हे साधले असते, यावर माझा विश्वास नाही.

पुढे भावगीतातही तीच वृत्ती दिसते. राजा बढे यांचे शब्द आणि पु. ल. देशपांडे यांची चाल लाभलेले माहेराचे गीत आठवा. सासुरवाशिणीची ओढ त्यात आहे, पण हुंदका नाही. ध्वनिमुद्रिकेच्या तीन-साडेतीन मिनिटांत बाई गळ्याची सारी तयारी बाजूला ठेवतात आणि शब्द जणू ओंजळीतून पुढे करतात.

५ ऑगस्ट २००१ रोजी बाई गेल्या. पुण्यात टिळक रस्त्यावर, हिराबागेत, त्यांच्या नावाचे सभागृह आहे. तेथे नव्या मुली गायला उभ्या राहतात, तेव्हा पहिल्या आलापातच सारे काही दाखवून टाकण्याची त्यांची घाई पाहून मला 'कुलवधू'ची ती जुनी ध्वनिमुद्रिका त्यांना ऐकवावीशी वाटते.